म्यूट केलेला माइक सगळीकडे बंद नसतो

माननीय संपादक महोदय,

जाहीर कार्यक्रमात एखाद्या वक्त्याची खासगी कुजबुज थेट प्रक्षेपणात ऐकू गेली, की मिक्सरवर (सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करून नियंत्रित करणाऱ्या यंत्रावर) बसलेल्या माणसाला बोल लावून सगळे मोकळे होतात. कधी चूक त्याची असतेही. पण म्यूट या बटणाबद्दलचा सर्वसाधारण गैरसमजही तितकाच कारणीभूत असतो.

म्यूट दाबल्याने माइक बंद पडत नाही. त्याचा आवाज चॅनेलमध्ये, म्हणजे मिक्सरवरच्या त्याच्या स्वतंत्र मार्गात, येतच राहतो, फँटम पॉवर (मिक्सरकडून केबलमधून माइकला जाणारी वीज) चालू असेल तर ४८ व्होल्टही मिळत राहतात. अडवली जाते ती मुख्य स्पीकरकडे जाणारी वाट, आणि तिच्याबरोबर फेडरनंतरचे सेंड, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाच्या पुढे फुटणाऱ्या वाटा, जसे घुमारा देणाऱ्या रिव्हर्बकडे जाणारे. फेडरच्या आधी निघून मंचावरच्या मॉनिटरला (मंचावरच्यांना ऐकू यावे म्हणून ठेवलेल्या स्पीकरला) जाणाऱ्या सेंडचे काय होते, हे मात्र मिक्सरगणिक बदलते: काहींत तेही तुटतात, काहींत चालू राहतात, तर काही डिजिटल मिक्सरवर ते सेटिंगमध्ये ठरवता येते. मल्टिट्रॅक (प्रत्येक माइकचे वेगवेगळे) रेकॉर्डिंग बहुधा म्यूटच्या आधीच्या टप्प्यावरून घेतले जाते, त्यामुळे मधल्या वेळातले बोलणेही त्यात नोंदले जाते. शिवाय ऑपरेटर पीएफएल (फेडरच्या आधीचा आवाज ऐकवणारे बटण) दाबून म्यूट चॅनेल हेडफोनवर ऐकू शकतो, आणि ही सोय हवीच. एरवी पुढच्या वक्त्याचा माइक चालतो आहे की नाही, हे सभागृहाला न कळता तपासणार कसे?

दिव्यांची भाषाही एक नाही. कुठे लाल दिवा म्हणजे म्यूट, तर कुठे 'ऑन' बटणाचा दिवा लागला म्हणजे चॅनेल चालू. अनोळखी मिक्सरवर घाईत नेमकी इथेच गल्लत होते.

सगळेच माइक उघडे ठेवावेत, हा उपाय नव्हे. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली, की स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी वाजू लागण्याआधी आवाज वाढवायला असलेला वाव साधारण ३ डेसिबलने घटतो. म्हणून न बोलणाऱ्यांना म्यूट करावेच लागते, आणि पुढे कोण बोलणार हे ठाऊक नसेल तर पहिले दोन शब्द गिळले जातात. तेव्हा आयोजकांनी वक्त्यांचा क्रम, आणि त्यात ऐनवेळी झालेला बदलसुद्धा, आधी मिक्सरपर्यंत पोहोचवावा. कॉलर माइक लावलेल्या वक्त्याने खासगी बोलण्यापूर्वी तो काढून ऑपरेटरकडे द्यावा. ट्रान्समीटरचा स्विच स्वतः बंद करू नये, कारण तो पुन्हा चालू करायचे हमखास राहून जाते आणि मिक्सरवरून त्यावर काहीच करता येत नाही.

आपला,
एक ध्वनिसंयोजक