दशावतारी काकांनो, आभार

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या स्नेहसंमेलनात चौथीची पोरं पौराणिक नाटक करणार होती. भाड्याने कपडे देणारा ऐनवेळी आलाच नाही, फोनही बंद. जत्रेसाठी देवळात उतरलेल्या दशावतारी (कोकणातलं हे लोकनाट्य करणाऱ्या) मंडळींपर्यंत कुणीतरी ही बातमी नेली आणि तुम्ही तिघे दुपारची झोप सोडून पेटाऱ्यासकट हजर! रात्रभर तुमचा स्वतःचा प्रयोग होता.

स्त्रीपार्टी, म्हणजे नाटकात बाईची भूमिका, करणाऱ्या काकांनी पोरींना नऊवारी नेसवली. (आम्हा बाईंपैकी एकीलाही ती इतकी चापून नेसवता आली नसती.) रंगाआधी प्रत्येकाच्या तोंडाला खोबरेल चोळलं. एक पोरगा घाबरला, तर रंगाचं पहिलं बोट स्वतःच्या गालावर ओढून दाखवलं. संवाद विसरून रडणाऱ्या, संकासुर राक्षस झालेल्या पोराला म्हणालात, "आमचा तरी खंय लिवलेला असता? गोष्ट म्हायत आसा मा? मगे बोल!" तो असा सुटला की आवरेना.

मानधनाचं पाकीट तुम्ही घेतलं नाहीत. पावसाळ्यात नाटकं थांबली की मुलांना शिकवायला यायचं मात्र कबूल केलंत. शाळा व्यवस्थापन समितीने तसा ठरावही केलाय. मनापासून आभार. जूनमध्ये वाट बघतोय.