बिनसहीची चिठ्ठी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : माझी तक्रार निकाली काढल्याबद्दल आभार मानण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. परवा मंगळवारी सकाळी साडेअकराला माझ्या मोबाईलवर सरकारचा संदेश आला : 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' तेव्हा मी सिव्हिलच्या डायलिसिस विभागाबाहेर बाकावर बसलो होतो आणि माझ्या हातात चोविसावी चिठ्ठी होती. तक्रार चिठ्ठ्यांचीच होती.

चिठ्ठी म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही, म्हणून सांगतो. गोळ्यांच्या खोक्याचं झाकण फाडायचं. त्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर निळ्या पेनाने इंजेक्शनचं नाव लिहायचं, पुढे आकडा. बस. रुग्णालयाचं नाव नाही, तारीख नाही, रुग्णाचं नाव नाही, लिहिणाऱ्याची सही नाही. सिस्टर ती देताना दुसरीकडे बघतात आणि हळू आवाजात म्हणतात, 'बाहेरून आणा, आत संपलंय.' मेडिकलवाला ती बघताक्षणी ओळखतो. काही विचारत नाही.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक आहे. बावीस वर्षं आवक-जावक सांभाळतोय. आमच्याकडे खडूचं खोकं घ्यायचं तरी मागणीपत्र लागतं, मुख्याध्यापकांची सही लागते, साठा रजिस्टरला नोंद लागते. मोडक्या बाकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे त्या नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव माझ्याकडे तीनदा त्रुटी काढून परत आला होता. बिनसहीचा कागद सरकारदरबारी कागदच नसतो, हे मला आपल्याच खात्यांनी शिकवलं. मग ज्या कागदावर माझ्या बापाच्या शरीरात काय जाणार हे ठरतं, त्यावर सही का नाही? मला एवढंच विचारायचं होतं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गेल्या श्रावणात घोणस चावली. संध्याकाळी गवताचा भारा उचलताना, डाव्या हाताला. प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रावर आलेला तरुण डॉक्टर होता, पोरगाच म्हणा. त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. त्याने काचेच्या परीक्षानळीत रक्त घेतलं आणि ती टेबलावर उभी करून घड्याळ लावलं. वीस मिनिटं थांबायचं, रक्त गोठतं का बघायचं. वीस मिनिटांनी त्याने नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. मी ती नळी अजून विसरलेलो नाही. तो म्हणाला, 'काका, सर्पविषावरच्या इंजेक्शनच्या सुरुवातीलाच दहा व्हायल, म्हणजे बाटल्या, तरी द्यायला हव्यात. माझ्याकडे चार आहेत.' चार दिल्या. 108 ला फोन लावला, गाडी दुसऱ्या केसवर होती. पाऊण तासाने गावातल्या एकाची पिकअप मिळाली. ग्रामीण रुग्णालयात गेलो, तिथे पहिली चिठ्ठी मिळाली. रात्री साडेदहाला एका मेडिकलचं शटर मी हाताने बडवत होतो.

अण्णा वाचले, मूत्रपिंडं गेली. घोणसेचं विष तिथेच घाव घालतं आणि जितका उशीर तितकं नुकसान जास्त, हे मला नंतर कळलं. आता आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, यंत्राला जोडलेले असतात. दहा महिन्यांत बाहेरच्या औषधांवर आणि येण्याजाण्यावर अडतीस हजार गेलेत, शे-दोनशे इकडेतिकडे. हिशेब वहीत आहे.

15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा बंद झाले. निर्णय चांगला आहे, मी शाळेच्या सूचनाफलकावर त्याचं कात्रण लावलं होतं. त्या निर्णयामुळे माझे केसपेपरचे काही रुपये दर खेपेला वाचतात, ते मान्य करायला हवं. ते मी रिक्षाला देतो, मेडिकलपर्यंत जायला.

आता खरी गंमत ऐका. अण्णा माझ्यावर अवलंबून, म्हणून मी वैद्यकीय प्रतिपूर्तीचा, म्हणजे औषधांचा खर्च सरकारकडून परत मिळण्याचा, प्रस्ताव केला. दुकानाची पक्की बिलं, जीएसटी क्रमांकासकट, सगळं जोडलं. शाळेतल्या मास्तरांचे असले प्रस्ताव मीच तयार करतो, कुठे काय अडतं ते मला पाठ आहे. ही बिलं तपासून प्रमाणित कोण करतं? जिल्हा शल्यचिकित्सकांचं कार्यालय. म्हणजे ज्या इमारतीच्या तळमजल्यावर मला चिठ्ठ्या मिळतात, तिचाच पहिला मजला. प्रस्ताव सतरा दिवसांत परत आला. त्रुटी : 'औषधांच्या देयकांसोबत वैद्यकीय अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीचे प्रिस्क्रिप्शन जोडलेले नाही.'

मी चिठ्ठ्या घेऊन वर गेलो. बाबू, म्हणजे माझाच भाऊबंद, त्या हातात घेऊन हसला. म्हणाला, 'साहेब, याच्यावर सही कुठंय?'

तेव्हा मी तक्रार केली, आपल्याच पोर्टलवर. तिचा प्रवास मी रोज बघत होतो, एसटीची वाट बघावी तसा. मंत्रालयातून उपसंचालकांकडे, उपसंचालकांकडून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, तिथून ज्यांच्याबद्दल तक्रार त्याच विभागाकडे. त्यांनी उत्तर लिहिलं : 'ई-औषधी प्रणालीनुसार पुरेसा साठा उपलब्ध आहे. रुग्णास बाहेरून औषधे आणण्याबाबत कोणतीही लेखी सूचना देण्यात आलेली नाही. तक्रारीत तथ्य आढळून येत नाही.' ई-औषधी म्हणजे औषधसाठ्याची संगणकातली नोंद. शब्द न् शब्द बरोबर आहे. लेखी सूचना दिलेलीच नाही! चिठ्ठीवर सही का नसते याचं उत्तर मला दहा महिन्यांनी मिळालं, आणि तेही आपल्याच खात्याच्या अधिकृत पत्रात, जावक क्रमांकासह.

औषध नव्हतं, याचा पुरावा कुठेच शिल्लक राहत नाही. रुग्णालयात साठा 'आहे', खरेदीत विलंब 'नाही', निधी 'वितरित' आहे, आणि अण्णांचं हिमोग्लोबिन साडेसहा आहे.

खरेदीचंच बघा. 2017 मध्ये औषधं घ्यायचं काम हाफकिनकडे दिलं. विंचूदंश आणि सर्पदंशावरची औषधं बनवण्यात हयात गेलेली ती संस्था, तिला गाद्या नि यंत्रं खरेदी करायला बसवलं. ते रखडलं म्हणून 2023 मध्ये कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. मधल्या वर्षांत स्थानिक खरेदी करा, रुग्ण कल्याण समितीतून भागवा, असं चाललं. तमिळनाडूने 1994 मध्ये महामंडळ काढलं. तिथे दवाखान्यांना औषधांसाठी पासबुक असतं, बँकेसारखं. गोदामातून काय उचललं, किती शिल्लक, सगळं त्यात. लिपिक म्हणून सांगतो, हे काही रॉकेट सोडण्याचं काम नाही. एक वही आणि ती रोज भरणारा एक माणूस, एवढंच लागतं. पण वही भरली की 'नाही' हा शब्दही लिहावा लागतो, आणि तो आपल्याकडे कुणाला लिहायचा नसतो.

विषय निघालाच आहे तर सगळंच बोलतो. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मध्यरात्री आग लागून दहा नवजात बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली आणि बावीसहून अधिक माणसं खाटेवर गुदमरली. नोव्हेंबरात अहमदनगरच्या सिव्हिलमध्ये अतिदक्षता विभाग पेटला. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याला एका दिवसात अठरा गेले. मोफत उपचारांची घोषणा तेव्हा ताजी होती. दीड महिन्यात नांदेडला चोवीस तासांत चोवीस, त्यात बारा नवजात. आठवून बघा, नांदेडनंतर लक्षात काय राहिलं? एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं, त्याचा व्हिडिओ. राज्याच्या आरोग्यव्यवस्थेचं उत्तरदायित्व म्हणून आम्हाला जे दाखवलं गेलं ते एवढंच.

आणि दर वेळी पहिला प्रश्न हाच की रुग्णालय कुणाचं? कळवा महापालिकेचं, नांदेड वैद्यकीय शिक्षणाचं, भंडारा आणि नगर आपलं, आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. मरणाऱ्याने आधी खातं विचारून घ्यावं. अण्णांना साप चावला जिल्हा परिषदेच्या हद्दीत, मूत्रपिंडं बंद पडली आपल्या हद्दीत, आणि फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडण्याची शस्त्रक्रिया, करायला पाठवलं ते वैद्यकीय शिक्षणाच्या हद्दीत. साप कोणत्या खात्याचा होता, एवढंच राहिलंय. वन विभागाला विचारून कळवतो.

राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 चं. त्यात लिहिलंय, राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावा. महाराष्ट्र त्या आठाच्या आसपासही नाही. पैसे नाहीत म्हणाल, तर 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा, भाच्याने मला वाचून दाखवला. बंगालमधला एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाही, यंत्र नाही म्हणून परत पाठवलं. न्यायालय म्हणालं, हा कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग आहे आणि पैशाची सबब चालणार नाही. पंचवीस हजार भरपाई द्यायला लावली. अण्णांनी हे ऐकून विचारलं, 'त्याला सही केलेला कागद मिळाला होता का?'

आता मागणी. मोठी नाही. जे औषध रुग्णालयात नसेल, त्यासाठी रुग्णाला छापील 'औषध उपलब्ध नाही' पावती द्या. औषधाचं नाव, तारीख, वेळ, रुग्णालयातल्या फार्मासिस्टची आणि डॉक्टरची सही, शिक्का. एक प्रत रुग्णाला, एक वरच्या कार्यालयाला. त्या पावतीवर प्रतिपूर्ती द्या. कोणत्या रुग्णालयातून महिन्यात किती पावत्या फाटल्या, तो आकडा दारात लावा. नवीन यंत्र नको, ॲप नको, उद्घाटन तर मुळीच नको. पावतीपुस्तक छापायला पैसे नसतील तर आमच्या शाळेचं सायक्लोस्टाईल यंत्र अजून चालू आहे, त्याचंही निर्लेखन मंजूर झालेलं नाही.

तरुण डॉक्टरांवर आणि सिस्टरवर कारवाई करून हे पत्र 'निकाली' काढू नका, ही विनंती. त्या सिस्टरने एकदा स्वतःच्या पर्समधले दोनशे काढून दिले होते. चिठ्ठी मात्र तिलाही बिनसहीचीच लिहावी लागते.

शुक्रवारी अण्णांची पुढची पाळी आहे. सकाळी सहाच्या एसटीने निघू. पंचविसावी चिठ्ठी मिळाली तर तिची छायाप्रत स्वतंत्र पत्राने सादर करीन.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा

सहपत्रे : चिठ्ठ्यांच्या छायाप्रती, 24. मूळ प्रती माझ्याकडे आहेत. पावसाने एकीवरची शाई पसरली आहे, बाकीच्या वाचता येतात.