आलिशान सात आसनी गाडी कोकणात किती रुपयांना पळते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती आणि मे महिना जवळ आला की वापरलेल्या आलिशान सात आसनी एसयूव्हींची चौकशी सुरू होते. मर्सिडीज जीएलएस, बीएमडब्ल्यू एक्स सेव्हन, ऑडी क्यू सेव्हन, व्होल्वो एक्ससी नाइन्टी अशा गाड्या नव्या किमतीच्या मानाने बऱ्याच स्वस्तात मिळतात. घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती देते?’ उत्तरादाखल एआरएआय या वाहन चाचणी संस्थेचा मायलेजचा आकडा सांगितला जातो. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून होते. तिथे घाट नसतो, सात माणसे नसतात आणि टपावर आंब्याच्या पेट्याही नसतात. त्यामुळे कोकणात गाडी घेणाऱ्याने त्या आकड्यावर हिशेब मांडू नये.

खरा आकडा काढायची रीत सोपी आहे. पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा आणि त्याच पंपावर त्याच पद्धतीने पुन्हा भरा. किलोमीटरला लिटरने भागा. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा याहून थोडा गोड असतो. सव्वादोन ते अडीच टनांची तीन लिटरची डिझेल गाडी महामार्गावर ८०-९०च्या वेगाने लिटरला १२ किलोमीटर देईल, पण बाजारपेठ, गावरस्ते आणि घाट यांत ८-९वर येईल. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर १२ला किलोमीटरमागे साडेसात रुपये पडतात आणि ९ला दहा. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हा फरक ३० हजार रुपयांचा होतो. अशा गाडीच्या २१ इंची चार टायरांचा संच मात्र सहज लाखाच्या वर जातो. म्हणून ‘किती देते’सोबत ‘किती घेते’ हेही विचारायला हवे.

घाटाचे गणित तर कागदावरच मांडता येते. माणसे आणि सामान धरून ३१०० किलोची गाडी सावंतवाडीहून आंबोलीला सुमारे ६०० मीटर वर चढते. निव्वळ ही उंची गाठायला जवळपास दीड लिटर डिझेल लागते, अंतराचे वेगळे. उतरताना ते सगळे परत मिळत नाही, बरेचसे ब्रेक तापवण्यात जाते. उतारावर न्यूट्रल करणे ही आपल्याकडची जुनी आणि धोकादायक सवय आहे. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा तात्पुरता बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरूनच उतरावे.

सर्वांत महाग चूक इंधनाच्या वापरात नसते, गाडीच्या निवडीत असते. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६च्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्टचे तापमान ६०० अंशांच्या आसपास जावे लागते, त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे सलग वेगात धाव हवी. मालवण ते तारकर्ली किंवा घर ते बाजार अशा फेऱ्यांत ती मिळत नाही. काजळी जाळण्यासाठी गाडी जास्तीचे डिझेल सोडते, तेवढ्यात इंजिन बंद होते, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर याच कारणाची शंका घ्यावी. आयडलिंगचा आरपीएम (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) वाढलेला, एव्हरेज अचानक घसरलेले, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात चालू, ही काजळी जळत असल्याची लक्षणे. अशा वेळी गाडी थांबवू नये, मुंबई-गोवा महामार्गाला (एनएच ६६) लागून एक चक्कर मारावी. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचेच ऑइल घालावे. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही; ती फिल्टरमध्ये कायमची बसते आणि नव्या फिल्टरचा खर्च लाखांत जातो. रोजचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरच असेल तर सरळ पेट्रोल गाडी घ्यावी. क्यू सेव्हन आणि एक्ससी नाइन्टी अलीकडे पेट्रोलमध्येच विकल्या गेल्या आहेत. त्या गावात ६-७ देतील, तरीही एकूण खर्चात परवडतील. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यामुळे ई-२०वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के घट मात्र धरावी.

डिझेलवाल्यांनी अॅडब्लूचाही हिशेब ठेवावा. धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे हे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण हजार किलोमीटरला साधारण लिटर-दीड लिटर लागते. ते पूर्ण संपले की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. सीलबंद कॅनच घ्यावा आणि सावलीत ठेवावा, कारण ३० अंशांच्या वर ते लवकर खराब होते. चुकून डिझेलच्या टाकीत ओतले गेले तर गाडी अजिबात सुरू न करता टाकी रिकामी करून घ्यावी.

खाऱ्या हवेचा खर्च कोणत्याच माहितीपत्रकात नसतो. किनाऱ्यालगत उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर रात्रीत गंज चढतो, एसीच्या कंडेन्सरच्या जाळ्या झिजतात, सेन्सरच्या प्लगना हिरवट थर येतो. गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे आणि वाळूत गाडी घालूच नये. एअर सस्पेन्शन (गाडी हवेच्या फुग्यांवर तोलणारी रचना) असेल तर घेण्यापूर्वी गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. एक कोपरा खचला असेल तर हवा गळते आहे. ती भरून काढताना कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी तोही जळतो.

विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्यावीच. चिपळूणने जुलै २०२१च्या पुरात काय पाहिले ते सर्वांना ठाऊक आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला की इंजिनात पाणी ओढले जाते, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साधा विमा ते नुकसान सहसा देत नाही. चारही चाकांना ताकद देणारी गाडी पुढची चाके उचलून ओढू नये, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवावा. पर्यटकांकडून भाडे घेणार असाल तर व्यावसायिक नोंदणी करा, नाहीतर अपघातात विमा कंपनी दावा फेटाळू शकते.

आपल्या वाहनविषयक पानावर गाड्यांची ओळख करून देताना एआरएआयच्या आकड्याशेजारी टायर संचाची किंमत, वर्षाच्या सर्व्हिसिंगचा खर्च आणि सर्वांत जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर रत्नागिरी व सिंधुदुर्गातून किती किलोमीटरवर आहे, एवढे तीन रकाने द्यावेत, ही विनंती.

– वाहन देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक, कणकवली