पेनड्राइव्हसोबतचं पत्र

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

पाकिटात पेनड्राइव्ह सापडला असेलच. लिंक का नाही पाठवली म्हणून फोन करू नकोस. लिंक पाठवली की तू चाळीस सेकंद ऐकतोस, अंगठा टाकतोस आणि वर 'भारी' लिहितोस, हे मला बारा वर्षं माहीत आहे. ही गाडीत लाव. आठ फायली आहेत, इचलकरंजीतून निघून कोल्हापुरात पोचेपर्यंत संपतात. क्रम विचार करून लावलाय, त्यामुळे शफल केलंस तर मैत्री संपली.

आधी भांडण उरकून घेऊ. आपल्या मेटल बँडसाठी तू मंगळवारी रात्री लिहून पाठवलेलं गाणं मी तीनदा वाचलं. चार कडवी, त्यात 'डार्कनेस' सात वेळा, 'इटर्नल' चार वेळा, आणि एक ड्रॅगन. ड्रॅगन, लेका? पंचगंगेच्या काठी? वाईट लिहिलंयस असं नाही. पण हे गाणं फिनलंडमधल्या एखाद्या पोराने लिहिलं असतं तरी असंच झालं असतं, आणि त्याच्याकडे निदान हिवाळ्यातली लांबलचक रात्र तरी आहे. आपल्याकडे डार्कनेस म्हणजे महावितरण. आपल्या ड्रमरला, पप्याला, गाणं आवडलं, हे मुद्दाम सांगतो. पण पप्याला डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी ड्रम, वाजवायला मिळाला की त्याला पंचांगही आवडेल.

'सुचत नाही' असं तू फोनवर म्हणालास, तेव्हा मी 'ऐक काहीतरी चांगलं' असं बेजबाबदार उत्तर दिलं होतं. त्या उत्तराची भरपाई म्हणून हे सगळं. निवडताना एकच चाळणी लावली: ऐकून गिटार उचलावीशी वाटते ती गाणी बाहेर, आणि वही उघडावीशी वाटते ती आत. त्यामुळे जुडास प्रीस्टचं 'पेनकिलर' गेलं. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' तर अख्खा अल्बम एकोणतीस मिनिटांत संपतो, तरी एकही गाणं घेतलं नाही. ते ऐकून अंगात येतं आणि अंगात आलेला माणूस लिहीत नाही.

पहिली फाईल तुला पाठ आहे. ब्लॅक सॅबथचं 'ब्लॅक सॅबथ', १९७०. पाऊस, घंटा आणि मग ते तीन सूर. रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी ओळ, माहीत आहे म्हणून पुढे ढकलू नकोस, या वेळी शब्दांकडे बघ. शब्दांमागचा अनुभव बटलरचा, म्हणजे बेसवाल्याचा. (मीही बेसवाला, म्हणून सहज नोंदवतोय.) त्याला एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी दिसली होती, त्यावरून ते आलं. म्हणजे गाण्यात सैतान नंतर येतो. आधी एक खोली आहे, एक पलंग आहे आणि घाबरलेलं एक पोरगं आहे. आणि त्या सुरांच्या मधे किती जागा सोडलीय ते ऐक. आपण असतो तर त्या जागेत सोळा सूर कोंबले असते.

सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या बोटांची गोष्ट मी तुला हॉस्टेलवर सांगितली होती, पण तेव्हा तू ती मर्दानी किस्सा म्हणून ऐकलीस. पुन्हा सांगतो. बर्मिंगहॅम, पत्र्याचा कारखाना, पोराचं वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस. प्रेसमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली, आगीत भाजल्यावर दोन बोटांवर वाजवणारा माणूस. मग याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, बारीक तारा चढवल्या, आणि १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, तारा सैल पडाव्यात म्हणून. आज जगभर जो तो गिटार खाली ट्यून करतो, त्याच्या मुळाशी एक प्रेस आहे. तुझ्या यंत्रमागाच्या शेडमधल्या जॉबरचं, माग दुरुस्त करणाऱ्याचं, अर्धं बोट कुठे गेलं, हे तुला ठाऊक आहे. त्यावर तू कधी ओळ लिहिली नाहीस. ड्रॅगनवर लिहिलीस.

२०२५च्या २२ जुलैला सॅबथचा गायक ऑझी गेला तेव्हा आपण रात्री दीडपर्यंत फोनवर होतो. त्याआधी जेमतेम अडीच आठवडे, ५ जुलैला, तो आपल्या बर्मिंगहॅममध्येच, व्हिला पार्क स्टेडियमवर, सिंहासनावर बसून गायला होता. तू म्हणालास, 'मर्दा, गावात जाऊन संपवलं त्यानं.' तुझ्या आजवरच्या लिखाणात ती ओळ सगळ्यात चांगली आहे, आणि ती तू लिहिलेली नाहीस, बोललास.

दुसरी फाईल 'वॉर पिग्ज'. ही एका छोट्या गोष्टीसाठी. पहिल्याच दोन ओळींत 'मासेस'चं यमक 'मासेस'शीच जुळवलंय. पहिल्यांदा अर्थ झुंडी, दुसऱ्यांदा चेटकिणींची काळी पूजा. लोक यावर पन्नास वर्षं हसतायत. पण आपल्या आठवीच्या व्याकरणात यमक अलंकाराची व्याख्या काय होती आठव: तीच अक्षरं, वेगळ्या अर्थाने. म्हणजे बटलर आपल्या बाईंच्या पेपरात पास झाला असता. यमकासाठी अडून बसू नकोस, एवढंच.

आता तिसरी. इथे माझ्या मनात बराच तंटा झाला. आयर्न मेडनचं 'हॅलोड बी दाय नेम' घ्यायचं नक्की होतं: फाशीच्या कैद्याचा शेवटचा तास, एक माणूस, एक कोठडी. ते काढून 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' घातलं, आणि अजून थोडं वाईट वाटतंय. हे तू प्रत्यक्ष ऐकलंयस, १ फेब्रुवारी २००८, बांद्रा-कुर्ला. आपण एकोणीस वर्षांचे होतो, परतीची गाडी चुकली आणि दादर स्टेशनवर वर्तमानपत्र अंथरून झोपलो. कोलरिजच्या १७९८च्या कवितेवर स्टीव्ह हॅरिसने तेरा मिनिटांचं गाणं केलं. (तोही बेसवाला.) पण मला तुला मधली जागा ऐकवायचीय. घोडदौड चालू असते आणि सगळं थांबतं. वारा पडलाय, जहाज हलत नाही. गिटार-ड्रम जवळजवळ गप्प, लाकडाची करकर आणि खालून कुजबुजल्यासारखा बेस. तेरा मिनिटांच्या गाण्यातली सगळ्यात भीतीदायक जागा म्हणजे आवाज थांबल्याची जागा.

ती ऐकताना मला तुमचं घर आठवलं. खरं तर या पत्राचं कारण तेच आहे.

कोल्हापूरचा तो कॉलेजचा शो संपवून आपण तुमच्याकडे मुक्कामाला आलो होतो. खाली शेड, वर घर. मला त्या खटखटीत झोप येईना. जमीन हलत होती, पाण्याच्या तांब्यात गोल उमटत होते, आणि तुम्ही सगळे मात्र ढाराढूर. अडीचच्या सुमारास लाईट गेली आणि माग बंद पडले. त्या शांततेने अख्खं घर जागं झालं. तू उठून बसलास. आतून काकूंनी 'काय झालं गं?' म्हणून कुणाला तरी विचारलं. अण्णा बॅटरी घेऊन जिना उतरले. समोरच्या घरातही दिवे नाहीत पण माणसं उठलेली, दारं वाजताहेत. आख्खी गल्ली अंधारात उभी, आवाज नाही म्हणून. वीस मिनिटांनी लाईट आली, खाली एकेक माग सुरू होत गेला, आणि तुम्ही एकेक जण परत झोपलात. मी सकाळपर्यंत जागा.

बंड्या, त्या रात्रीइतकं हेवी काही मी ना आधी ऐकलं ना नंतर. आणि तू त्यावर बारा वर्षांत एक अक्षर लिहिलं नाहीस, कारण तुझ्यासाठी ते गाणं नाहीच, ते घर आहे.

चौथी फाईल त्याच रात्रीची पुढची वीस मिनिटं समज. स्वीडनचा बँड मशुगा, 'ब्लीड', २००८. वरची झांज सरळ चारात चालते आणि खालचा रिफ स्वतःच्या लांबीने सरकत राहतो. वेगळे होतात, लांब जातात, मग कुठेतरी एकदम समेवर भेटतात. पप्या याला पॉलिरिदम म्हणतो आणि कपाळाला आठ्या घालतो. तू जन्मापासून हेच ऐकतोयस. शेजारशेजारचे दोन माग कधीच एका ठोक्यात चालत नाहीत. मधेच दोघांचा धोटा, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा तो लाकडी तुकडा, एकाच क्षणी आपटतो, की पुन्हा फाटा. आणि मशुगाचे बरेचसे शब्द त्यांचा ड्रमर टोमास हाके लिहितो. म्हणजे बेसवाले लिहितात, ड्रमर लिहितात. 'मग तूच लिही की' असं तू म्हणणार. लिहिलंय, खाली येतंय, हसू नकोस.

पाचवी तू ऐकलेली नसणार. एलियन वेपनरी, न्यूझीलंडचा बँड, 'रू आना ते फेनुआ'. माओरी भाषेत. बँडमधले दोघे भाऊ माओरी माध्यमाच्या शाळेत शिकलेले. गाणं १८६४च्या गेट पा इथल्या लढाईवर आहे, इंग्रज कितीतरी पटींनी जास्त असून तिथे मार खाऊन गेले. या पोरांचा एक पूर्वज त्या लढाईत पडला. मला एक शब्द कळत नाही आणि तरी एकही शब्द खोटा वाटत नाही. 'मराठीत मेटल म्हणजे विनोद होतो' हे तुझं ठरलेलं वाक्य यानंतर ऐकवून दाखव. विनोद होतो तो आपण इंग्रजी ओळींचं मराठी करतो म्हणून. 'अनंत अंधःकार' म्हटलं की नाटकाचा पडदा उघडल्यासारखं वाटतं, ते खरंच आहे. पण 'खटका' म्हण. 'धोटा' म्हण. 'ठोका', 'धग', 'राख', 'भट्टी' म्हण, तुझ्या त्या घशातून. ख, ठ, ध, भ. ही अक्षरं तर ओरडण्यासाठीच केलीत. ब्लडीवूड बँडने दिल्लीत बसून हिंदी-पंजाबीत हे करून जगभर फिरवलं, ते तुला माहीत आहे, म्हणून त्यांचं गाणं घातलं नाही. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन बँडने २०१७ला 'दशावतार'वर आख्खा अल्बम केला, तोही इंग्रजीत. मराठीतली जागा अजून बरीच मोकळी पडलीय.

सहावी, अमेरिकेतल्या टूल बँडचं 'लॅटरॅलस'. ओळींतली अक्षरं मोज: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ. जग याला फिबोनाची म्हणतं. त्याचं पुस्तक १२०२चं. लघू-गुरूंनी मात्रा किती प्रकारे भरता येतात, हे मोजताना विरहांक आणि हेमचंद्र हाच हिशेब त्याच्या आधी मांडून मोकळे झाले होते. म्हणून मी आपल्याकडचा साचा शोधायला बसलो आणि जे सापडलं त्यावर दोन दिवस एकटाच हसतोय. मोठा अभंग. चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. 'सुंदर तें ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां.' मोज हवं तर. सहा-सहा-सहा! मेडनने १९८२ला ज्या आकड्यावर, सैतानाच्या ६६६वर, अल्बम काढला आणि अमेरिकेत लोकांनी रेकॉर्डी जाळल्या, तो आकडा आमचे वारकरी टाळ-मृदंगावर म्हणत पंढरपूरला जातायत, वर चार अक्षरं बोनस.

पण चेष्टा सोड, साचा म्हणून तो जबरदस्त आहे. लघू-गुरूची भानगड नाही, नुसती अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, आणि चौथा आखूड, म्हणजे पाय घसरून पायरी चुकावी तसा. तुझ्या त्या खालच्या डी-वरच्या रिफवर मी बसवून बघितलं. पप्या म्हणतो हे बावीस-आठ झालं, वाजवणार नाही. वाजवेल.

तर हे माझं. बेसवाल्याचं आहे असं समजून वाच.

माग थांबला की
रात ऐकू येई
झोप दूर जाई
बापाचीही

पुढचं कडवं मला येत नाही. मी त्या घरात एकच रात्र होतो. अण्णा बॅटरी घेऊन खाली गेल्यावर त्यांनी काय बघितलं, कुठल्या मागाला आधी हात लावला, तुटलेल्या सुताच्या तारा कोण जोडत बसलं, हे मला कळणं शक्य नाही.

सातवी ब्राझीलच्या सेपुल्टुरा बँडचं 'इत्सारी', १९९६च्या 'रूट्स'वरचं. ही माणसं तिथल्या शावांते आदिवासींच्या गावात गेली, अकूस्टिक गिटार घेऊन त्यांच्यासोबत बसली आणि तिथेच टेप केलं. वीज नाही, अ‍ॅम्प नाही. यावर जास्त काही म्हणत नाही.

आठव्या फाईलला नाव नाही, तीन मिनिटांची आहे. मागच्या दिवाळीत मी तुमच्या शेडच्या दारात मोबाईल धरून उभा होतो, तेव्हा तू 'काय करतोयस येड्यासारखा' म्हणाला होतास ना, तेच. मोजलं, मिनिटाला दीडशेच्या आसपास ठोके आहेत. दोन मिनिटांनंतर अण्णांचा खोकला येतो आणि मग ते कुणाला तरी धोट्यातली सुताची कांडी बदलायला सांगतात. तो भाग मी कापलेला नाही.

पप्याने पुढच्या शनिवारी चार ते सात जॅमरूम घेतलंय, पैसे मी भरलेत, तू चहाचं बघ. येताना माझी लांब जॅक केबल आण, दिवाळीपासून तुझ्याकडे आहे. काकूंना नमस्कार. ते चार चरण अण्णांना दाखवू नकोस, निदान 'बापाचीही'च्या जागी दुसरं काही बसेपर्यंत.

तुझा,
बेसवाला