आई-बाबा, घर सांता फेलाच घेतलंय

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबा ‘बरं’ एवढंच म्हणाले असते आणि आईने फोन वहिनीच्या हातात दिला असता. म्हणून लिहितेय. घर घेतलं. सांता फेलाच. सह्या झाल्या, किल्ल्या मिळाल्या. गंगापूर रोडच्या फ्लॅटला कुणी हात लावणार नाही, तो आहे तसाच राहील. फक्त ‘दोन वर्षांत परत’ असं आता मी म्हणणार नाही. पंचवटी सोडताना घरात जे झालं ते मी विसरलेली नाही. आई, रागाव, पण गप्प बसू नकोस.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, त्या वाळवंटात आहे काय? वाळवंट नाही हो. डोंगराच्या पायथ्याशी, 7000 फुटांवरचं गाव आहे. आपली कळसूबाई 5400 फूट. वस्ती लाखभरसुद्धा नाही, पण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याची राजधानी आहे आणि आजकालची नाही. मलिक अंबरने खडकी वसवली त्याच सुमाराला, 1610 मध्ये, स्पॅनिशांनी राजधानी इथे आणली. मधला चौक आणि त्याच्या उत्तरेचा मातीच्या जाड भिंतींचा गव्हर्नरचा वाडा, दोन्ही जागच्या जागी आहेत. जागा मोकळी पडली होती असं मात्र नाही. तेवा या मूळनिवासी लोकांची वस्ती इथे त्याआधीच होऊन गेली होती, आणि आसपासच्या त्यांच्या गावांत, प्यूब्लो म्हणतात त्यांना, ते आजही राहतात.

तुमच्यासाठी खरी गोष्ट पाण्याची. वर्षाचा पाऊस सगळा मिळून 14 इंच, त्यामुळे गाव पाटावर जगलं. पाटाला इथे असेकिया म्हणतात. त्याचा एक निवडलेला मुख्य असतो, मायोर्दोमो. वसंतात पाणी सोडण्याआधी प्रत्येक हिस्सेदाराने फावडं घेऊन यायचं नाहीतर आपल्या बदली माणूस पाठवायचा. तुमच्या पांझरा नदीवरच्या फडांत पाटकरी असतो, तसाच कारभार. गाळ राहिला की तळ वर येतो, उतार मोडतो, पाणी काठावरून फुटतं आणि शेवटच्या शेतापर्यंत पोचतच नाही. ही रीत स्पॅनिशांनी अरबांकडून घेतलेली; प्यूब्लो लोकांचं स्वतःचं पाटपाणीही होतंच. पुढे दोन्ही एकात एक मिसळलं.

आणि त्याच पाण्याने गाव पाडलं. 1680 मध्ये पो’पे नावाच्या पुढाऱ्याने प्यूब्लो गावांचा उठाव जुळवला. भाषा वेगवेगळ्या, गावं लांब लांब, म्हणून गाठी मारलेल्या दोऱ्या जासुदांबरोबर पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. तेसुके गावचे दोन जासूद आधीच पकडले गेले, तेव्हा दिवस अलीकडे ओढून 10 ऑगस्टलाच सुरुवात केली. वाड्यात कोंडलेल्या स्पॅनिशांचा पाट तोडला, आणि 21 तारखेला ते वाडा सोडून दक्षिणेला निघाले. पुढची बारा वर्षं वाड्यात प्यूब्लो लोक राहत होते. मग दिएगो दे वार्गास हा स्पॅनिश गव्हर्नर आला. 1692 चं स्पॅनिशांचं ते परतणं शांततेचं होतं म्हणून इथे मिरवणूक निघायची. पण 1693 च्या डिसेंबरात लढाई होऊनच गाव पुन्हा घेतलं गेलं. त्या पुनर्प्रवेशाचा देखावा 2018 मध्ये बंद केला. उशिरा केला, पण बरं केलं.

चौकात गेलात की माहितीपत्रकं सांगतील, इथे तीन संस्कृती आहेत : मूळनिवासी, हिस्पॅनिक (स्पॅनिश वंशाचे) आणि अँग्लो (इंग्रजी बोलणारे गोरे). मला हा हिशेब पटत नाही. पहिल्या दोन्हींत न बसणारा प्रत्येक जण तिसऱ्या खान्यात टाकतात, म्हणजे आपण नाशिककरही अँग्लो! बाबांच्या टोपीसकट. खरी गर्दी यापेक्षा मोठी आहे. नदीपलीकडे आनाल्को वस्ती, तिथे मेक्सिकोतून आणलेले त्लाश्काल्तेक मूळनिवासी राहायचे. सान मिगेलचं मातीचं देऊळ तिथलंच. 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि मिझुरीहून व्यापाऱ्यांचे गाडे येऊ लागले. 1846 मध्ये अमेरिकेचं सैन्य आलं. मागोमाग जर्मन ज्यू दुकानदार, स्पीगेलबर्ग, श्टाब वगैरे. फ्रेंच पाद्री लामी यांनी मातीच्या गावात दगडी कॅथेड्रल उठवलं, 1869 मध्ये काम सुरू झालं. त्याच्या दारावर त्रिकोणात हिब्रू अक्षरं आहेत. ज्यू व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली म्हणून ती कोरली, असं गाइड रंगवून सांगतात. पण तसं चिन्ह युरोपातल्या चर्चांवरही सापडतं, त्यामुळे बाबा, मान डोलवा आणि पुढे चला.

चौकाच्या मधोमध 1868 चा एक स्मृतिस्तंभ होता. त्यावर ‘रानटी इंडियनां’शी लढलेल्या सैनिकांचा लेख. 1974 मध्ये एका माणसाने दिवसाढवळ्या छिन्नी घेऊन ‘रानटी’ तेवढं काढून टाकलं, आणि ती खाच तशीच राहिली. 2020 च्या ऑक्टोबरात लोकांनी स्तंभच ओढून पाडला. तिथे कुणाशी वाद घालायचा नाही, दोन्ही बाजूंची मंडळी शेजारच्याच बाकावर बसलेली असतात.

आता जे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगायला हवं ते. घर जुन्या गावठाणात नाही, ते परवडणारं नव्हतं. कासा सोलाना नावाच्या वस्तीत आहे, चौकापासून गाडीने पाच-सात मिनिटं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 ते 1946, इथे जपानी माणसांची छावणी होती. गुन्हेगार नव्हते ते. मास्तर, बौद्ध भिक्षू, संपादक, बरेचसे तुमच्या वयाचे, बायकापोरांपासून तोडून आणलेले. सगळे मिळून 4,555. घरं त्यानंतर बांधली. वरच्या बागेत 2002 मध्ये एक शिळा आणि पाटी लावली, तीही विरोध सोसून, कारण न्यू मेक्सिकोचे सुमारे 1,800 जवान फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या कैदेत सापडले होते आणि त्यातले निम्मेच परत आले. आई, ‘अशा जागेवर घर?’ असं तुला वाटेल. शांत करायची असेल तर कर, नारळ मिळतो इथे. पण जागेचं माहीत करून घेऊन आम्ही घेतलंय, आणि रोज त्या शिळेवरून जातो तेव्हा वाईट वाटावं तेवढं वाटतं.

घर एकमजली आहे. तुमची खोली दक्षिणेला, न्हाणीघर लागून, आत धरायला दांडे बसवून घेतले. पाश्चात्त्य कमोडची उंची वाढवली. आईच्या देव्हाऱ्याला पूर्वेचा कोनाडा आहे. आणि बाबा, आपलं घर मातीचं नाही, मातीच्या रंगाचं आहे. खऱ्या मातीच्या विटेचं माप 10 × 14 × 4 इंच, वजन 14-15 किलो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा दिला की घात होतो : जमिनीतली ओल भिंतीत चढते, बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि भिंत पायथ्याशी आतून भुसभुशीत होते. ताओस गावाजवळच्या रांचोसच्या चर्चला 1967 मध्ये सिमेंट लावलं होतं, 1979 मध्ये खरवडून काढावं लागलं. तेव्हापासून गावकरी दर उन्हाळ्यात हाताने माती लिंपतात. आपल्याकडे छप्पर सपाट आहे आणि पन्हळी पानांनी तुंबतात. त्या साफ करायला माणूस येतो. शिडीला हात लावायचा नाही. हे मी पुन्हा सांगणार नाही.

तिकिटं मेच्या दुसऱ्या आठवड्याची आहेत. काढलेली आहेत. उतराल अल्बुकर्कीला, ते 5300 फुटांवर; तिथे दोन रात्री राहायचं, मग तासाभरात वर. पहिला आठवडा फक्त अंगणात आणि चौकापर्यंत. ‘एवढंसं डोकं दुखतंय’ असं आईने लपवायचं नाही. आडवं झाल्यावर धाप लागली किंवा बोलणं गोंधळलं तर रात्री दोन वाजताही उठवा. बाबांची पाणी काढणारी गोळी आणि दिवसाला पाणी किती प्यायचं, दोन्ही डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, उंचीचा आकडा सांगून. हवा कोरडी आहे, नाकात रात्री थोडं तूप.

आई, पाणी इथे 93 अंशांवरच उकळतं, म्हणून उघड्यावर वरण लवकर शिजत नाही. तूरडाळ अर्धा तास भिजव आणि कुकरला नाशिकच्या चार शिट्ट्यांच्या जागी पाच दे. बाहेर खाताना राजम्यात डुकराची चरबी आहे का ते विचारल्याशिवाय तोंडात घालू नकोस, पोसोले नावाच्या मक्याच्या रश्शात तर मांस असतंच. लाल की हिरवी मिरची असं विचारतील. ‘क्रिसमस’ म्हणालीस की दोन्ही देतात. गोव्यात पोर्तुगीजांनी उतरवलेली मिरचीच ही, इथे मेक्सिकोतून वर आली. ऑगस्ट-सप्टेंबरात रस्तोरस्ती जाळीच्या पिंपात भाजतात, तो ठसका तुला आवडेल. वाड्याच्या ओसरीवर प्यूब्लो आणि नवाहो कारागीर चांदी घेऊन बसतात, सगळं घरच्यांच्या हातचं असावं असा नियम आहे. मागे कारागिराची खूण बघ, फिरोजा खडा मूळचा की राळ भरून कडक केलेला ते विचार, आणि घासाघीस करू नकोस.

मंगळवारी ताओसला जाऊ, तिथल्या नीम करोली बाबांच्या आश्रमात जयपूरचा संगमरवरी मारुती आहे. दीड तासाची वाट.

विमानतळावर दोघांसाठीही व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, बसायचं. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट, मूळ पाकिटांत. लोणचं बॅगेत दोन पिशव्यांत बांधून, आणि बिया-रोपं काही आणू नका, कस्टमवाले काढून घेतात.

तुमची,
बेबी

ता. क. : कुकरची रिंग आणि शिट्टी येताना दोन-दोन आणा, आपल्या मापाची इथे मिळत नाही.