आरोग्यमंत्री महोदय, डायलिसिसची संध्याकाळची पाळी सुरू करा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास मी डायलिसिसच्या मशीनवर असतो. हे पत्र पैशांसाठी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून माझ्यासारख्या कित्येकांचं डायलिसिस मोफत होतं, त्याबद्दल मी शासनाचा मनापासून ऋणी आहे. मागणं आहे ते वेळेचं.

माझ्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडलेली धमनी आणि शीर. रोज उठल्याबरोबर मी त्यावर दोन बोटं ठेवतो. चालू मोटारीवर हात ठेवावा तशी थरथर जाणवली की जीव भांड्यात पडतो. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही. डॉक्टरांनी मला दिवसाला एक लिटर पाणी ठरवून दिलंय, त्यातच चहा, आमटी, ताक सगळं आलं. जेवणावळीत पांढरा रस्सा वाढायला आलेल्या माणसापुढे हात आडवा धरणं कोल्हापुरात किती जड जातं, हे आपल्याला सांगायला नको. आपण याच जिल्ह्याचे.

भेटणारा प्रत्येक जण सांगतो, हिंमत सोडू नका. माणसं मायेनं सांगतात. पण हिंमत नुसत्या सांगण्यावर टिकत नाही, तिला रोज काहीतरी खाद्य लागतं. मला ते कामातून मिळतं.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतला टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे सुटे भाग कातणारा कामगार. जड जॉब, म्हणजे कातायचा भाग, लेथच्या पकडीत, चकमध्ये चढवणं आता जमत नाही, म्हणून सध्याच्या मालकांनी मला तपासणीच्या टेबलावर बसवलंय. हातात मायक्रोमीटर, समोर पोरांनी काढलेले बुश. ०.०१ मिलिमीटरचा फरक मी अजून पकडतो. जॉब बाजूला काढून पोराला टूल कुठं घासलंय ते दाखवतो, तेवढा वेळ मी पेशंट नसतो. अशा दिवशी तहान कमी लागते, रात्री झोपही येते. घरी बसलेल्या दिवशी नजर सारखी पाण्याच्या बाटलीकडे जाते.

मात्र मला मिळणारी पाळी सकाळची, नाहीतर दुपारची. आधी वजन आणि रक्तदाब, मग चार तास मशीन, मग सुया काढून रक्त थांबेपर्यंत बसायचं, वर जाणं-येणं. दिवस संपला. आठवड्यातले तीन दिवस न येणाऱ्या कामगाराला कोण सांभाळून घेईल? आधीच्या ठिकाणी मला याच कारणावरून थांबवलं. माझ्यासोबत मशीनवर असणाऱ्या कितीतरी जणांची कामं अशीच सुटली. काम सुटलेला माणूस आधी घरच्यांवर चिडतो, मग पथ्य सोडतो, मग पाळी चुकवायला लागतो. हे मी शेजारच्या खाटेवरून पाहिलंय, म्हणून कळकळीनं लिहितोय.

सरकारी आणि योजनेतल्या केंद्रांत संध्याकाळी सहा ते रात्री दहा अशी पाळी कामावर जाणाऱ्या रुग्णांसाठी ठेवा. त्यासाठी जादा तंत्रज्ञ आणि परिचारिका लागतील, डॉक्टर हजर लागतील, शुद्ध पाण्याचा आर. ओ. प्लांट रात्रीपर्यंत चालवावा लागेल. खर्च आहे, मान्य. पण मशीन तीच, खाटा त्याच. रात्री परतायला खेड्यापाड्यांत एसटी नसते, त्यामुळे सुरुवात शहरातल्या आणि लगतच्या गावांतल्या रुग्णांपासून झाली तरी चालेल.

कागलकडच्या एक मावशी आमच्या पाळीला असतात. नवीन आलेली एक मुलगी सुया बघून रडायला लागली, तेव्हा मावशींनी आपला हात पुढे केला. "हात लाव बाळा, वाजतंय बघ आत. सुरवातीला जड जातंय, मग हुतंय सवयीचं." मुलगी शांत झाली. तोवर आम्ही सगळेच समजावत होतो, उपयोग झाला नव्हता. अशा जुन्या रुग्णांना केंद्रांनी मुद्दाम नव्यांसोबत बसवावं, एवढं तर एका परिपत्रकानेही होईल.

आणखी एक गोष्ट पावसाळ्याआधी व्हायला हवी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, ते फुफ्फुसात उतरतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. शिवाय एका डायलिसिसला मशीनमधून साधारण १२० लिटर शुद्ध पाणी जातं, आणि पुरात उपसा केंद्रं बुडून शहराचे नळच कोरडे पडतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचली, की शिरोळ, हातकणंगले, करवीरमधल्या डायलिसिस रुग्णांना यादीनुसार केंद्राजवळ हलवावं आणि केंद्रांना टँकर राखून ठेवावेत. ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत थांबलं तर रस्ते उरत नाहीत.

ही यादी गावोगावच्या आशाताई चार दिवसांत करून देतील. संध्याकाळची पाळी जिल्ह्यातल्या एका केंद्रात तरी यंदा सुरू करा. कामावरून सुटून थेट तिथं येणाऱ्यांत माझं नाव पहिलं लिहा.

आपला नम्र,
उद्यमनगरातला एक टर्नर, कोल्हापूर