वेगळ्या तव्याबद्दल, काकू

प्रिय काकू,

समोर बसून हे बोलायला गेलं की तुम्ही "काय गो, एवढं काय त्यात" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. आमच्या बिल्डिंगमधले वाचतील त्यांना कळेलच.

आई वेंगुर्ल्याची. बांगड्याचं तिखलं, सुरमईची तुकडी, सुकटीची किसमूर यांवर वाढलेली. पन्नाशी उलटल्यावर एका रात्री जेवणानंतर तिचे ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा झाला आणि आम्ही तिला उचलून इस्पितळात नेलं. माशांची अ‍ॅलर्जी निघाली. "आयुष्यभर खाल्लं, मग आत्ताच कसं?" हे तिने भेटेल त्याला विचारलं. मोठेपणीही होऊ शकते, एवढंच उत्तर मिळालं. माशात पार्वअल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते शिजवून, तळूनही बिघडत नाही आणि बहुतेक माशांत थोड्याफार फरकाने तेच असतं. म्हणजे बांगडा सोडून पापलेट खाऊ, असंही म्हणता येईना. कोळंबीचं प्रथिन वेगळं, पण बाजारात पाटी एक आणि विळी एक, म्हणून तीही बंद.

त्यानंतर ज्यांनी मदत करायची त्यांनी काय केलं, तेही लिहिते. आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंनी छापील कागद हातात दिला. त्यावर मासे खोडून पनीर लिहिलं होतं. आई काय खात होती, तिला काय आवडतं, एक प्रश्न नाही. नातेवाइकांनी तर कहर केला. "तुकडा नको घेऊस, नुसता रस्सा घे, काही होत नाही." तिचा श्वास अडकलेला ज्यांनी पाहिला होता त्यांनी हे म्हणावं! एका हॉटेलात शाकाहारी फिश फ्राय मिळतो म्हणून मोठ्या आशेने तिला नेलं. वेगळं बनवता ना, हे मी दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणाले. घरी येईपर्यंत तिच्या अंगावर गांध्या उठल्या होत्या. तेल तेच, तवा तोच. मला त्या लोकांचा अजून राग येतो आणि तो जावा असं वाटतही नाही.

आई जेवायची तशी, पण ताटाकडे बघायची नाही.

तुम्ही आलात आणि पहिल्यांदा तिच्याजवळ बसून विचारलंत, "वहिनी, जीव नेमका कशावर जातो? तुकडीवर की तिखल्यावर?" आई कितीतरी वेळ बोलत राहिली. तिरफळाचा वास, आगळाचा म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचा आंबटपणा, रव्याचं कुरकुरीत कवच, बोटांनी तुकडी मोडायची सवय. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "यातलं बरंचसं माशाचं नाहीच, ते आपल्या स्वयंपाकघराचं आहे."

तुम्ही मडगावच्या. सोमवार पाळायचा, श्रावण पाळायचा, आणि जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद, म्हणून तुमच्याकडे माशांशिवायचं हे सगळं आधीपासूनच होतं. उडदमेथी बांगड्याची होते तशी आंबाड्यांचीही होते. सुकट नसेल तर पापड भाजून, चुरून किसमूर. पावसाळ्यात नीरफणसाचे काप, एरवी सुरणाचे किंवा कच्च्या केळ्याचे. सुरण घशाला खाजतो म्हणून आई बिचकत होती, तर तुम्ही आधी आगळात मुरवून आणलात. माझ्या भावाने कुठूनतरी नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पानं मागवली होती, समुद्राचा वास येतो म्हणून. तुम्ही मनापासून ती कुटून मसाल्यात घातलीत. आई म्हणाली, हा समुद्र आमचा नव्हे. तुम्ही पुढच्या खेपेला ती वगळलीत, वाद नाही, रुसवा नाही. तिखल्याला सुरणाच्या फोडी घातल्यात आणि तिरफळं बी काढून, ठेचून अगदी शेवटी. त्या दिवशी आईने भात दुसऱ्यांदा घेतला.

पण काकू, मला सांगायचंय ते तव्याचं.

डबा परत द्यायला आले होते. तुम्ही आत फोनवर होता. तुमच्याकडे एरवी रोज मासळी असते, हे मला माहीत होतं आणि मनात सतत धाकधूक असायची. विचारायचं कसं, तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून गप्प होते. स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळच्या खिळ्याला एक बिडाचा तवा टांगलेला दिसला. त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला. शेजारी तसाच दोरा बांधलेलं उलथणं, खाली तेलाची छोटी वेगळी बरणी. तुमच्या नातवाला विचारलं तर म्हणाला, "तो वरच्या आजींचा तवा आहे. त्याला आम्ही हात लावायचा नाही."

नवा बिडाचा तवा लगेच वापरता येत नाही. तो घासायचा, तेल चोळून तापवायचा, कांदा परतायचा, पुन्हा तेल चोळायचं, तेव्हा कुठे काप न चिकटता उलटतात. म्हणजे पहिला डबा आमच्या दारात येण्याआधी कितीतरी दिवस तुम्ही आईसाठी तवा तयार करत होता. आणि एका शब्दाने बोलला नाहीत. हॉटेलवाल्याला दोनदा विचारूनही जे मिळालं नाही, ते तुम्ही न विचारता करून ठेवलं होतंत. जिन्यात येऊन मी रडले.

माणसाला मदत करायची म्हटली की बहुतेकजण स्वतःला जमेल ते देतात, वर उपकारही ठेवतात. समोरच्याला काय लागतं ते विचारायचं, आणि त्याला कशाने इजा होईल याचा आपल्याच घरी बसून विचार करायचा, ही माणुसकी मी फार थोड्यांकडे पाहिली. ती शिकलेपणाने येत नाही, पैशाने तर नाहीच. तुमच्या नातवात ती आत्ताच उतरलीय, याचा मला फार आनंद आहे.

आईचा निरोप आहे. मामा गणपतीला येताना गावची तिरफळं आणि घरचं आगळ आणणार आहे, त्यातलं निम्मं तुमचं. आणि तुमच्या तिखल्यात खोबरं जरा जास्त होतं, असं तिचं स्पष्ट मत आहे. वेंगुर्ल्याकडचं खोबऱ्याचं वाटप ती स्वतः तुमच्या ओट्यापाशी उभी राहून दाखवणार आहे. रविवारी सकाळी येते म्हणाली.

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेक